सुलूमावशीचा पहारा

सुलूमावशीच्या दाराची बेल वाजवली की आतून लगेच उत्तर यायचं नाही. आधी टीव्हीचा आवाज बंद व्हायचा. मग पावलं दारापर्यंत येऊन थांबायची. दाराच्या भिंगातून ती पलीकडच्या माणसाला पुरतं न्याहाळायची आणि मग विचारायची, "कोण?" भिंगात मी स्पष्ट दिसतेय, समोरच्या दारातली, अठरा वर्षांपासूनची शेजारीण, हातात आमटीची वाटी. तरी "कोण?"

"मावशी, मीच. वृषाली."

"एकटीच आहेस?"

"नाही, दहा दरोडेखोर आणलेत सोबत. दार उघड, आमटी निवतेय."

मग वरची कडी, खालची कडी, साखळी, लॅच असं सगळं एकेक करून सुटायचं. दार उघडल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "अशी थट्टा जिन्यात करू नये गो. कोणी ऐकलं तर?"

मावशी जाऊन आता दीड वर्ष होईल. बिल्डिंगमध्ये तिच्या कड्या-कुलपांच्या गोष्टी अजून रंगवून सांगतात आणि मीही त्यात भर घालते. पण तिच्या घरात कॅमेरे लागले त्या दोन महिन्यांत काय घडलं, ते मी कोणाला सांगितलेलं नाही. त्यात माझाही वाटा होता, म्हणून असेल.

तिचं पूर्ण नाव सुलोचना तेंडोलकर. मूळची वेंगुर्ल्याकडची. लग्न केलं नाही. टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागली आणि शेवटची दहा वर्षं लाइनी तपासायच्या विभागात काढून निवृत्त झाली. विक्रोळी पूर्वेला, खाडीच्या अंगाला आमची चार मजली बिल्डिंग आहे, तिथे तिसऱ्या मजल्यावर आमची दारं समोरासमोर. मी लग्न होऊन आले तेव्हा तिला 'अहो मावशी' म्हणायचे. आठवड्याभरात तिनेच ते मोडून काढलं. "अहो-जाहो केलंस तर मला वाटतं ऑफिसातून मेमो आलाय. तू म्हण."

खात्यातल्या सवयी तिच्या अंगात मुरल्या होत्या. कोणताही आकडा ती एकेक करून, सावकाश सांगायची, अगदी दुधाच्या पिशव्यासुद्धा. ट्रंक कॉलच्या काळात दोन माणसांच्या मधे शिरून 'बोलणं झालं?' असं विचारायचं काम तिने वर्षानुवर्षं केलं होतं. ते इतकं अंगवळणी पडलं होतं की दारात गप्पा मारता मारता ती मधेच "बोलणं झालं?" म्हणून दार लावून घ्यायची. नवीन लोकांना राग यायचा. काही बिघडलं की तिचं एकच तत्त्व होतं, आधी लाइन तपासावी, मग माणसाला बोलावं. निम्म्या तक्रारींत माणसाचा दोष नसतो, वायर कुठेतरी सुटलेली असते, असं तिचं म्हणणं.

आणि ती भित्री होती. म्हणजे किती, तर घराबाहेर पडताना गॅसचा नॉब तीनदा बघायचा, खाली जाऊन पुन्हा वर येऊन चौथ्यांदा बघायचा. रात्री झोपण्याआधी घरातलं प्रत्येक बटण बंद. लिफ्टमध्ये अनोळखी माणूस असला की ही जिन्याने. कुरियरवाल्याला ती बिल्डिंगच्या सेक्रेटरीचं नाव विचारायची. ते त्याला माहीत नसलं की पार्सल खालीच ठेवायला लावायची. आम्ही तिला 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' म्हणायचो, तोंडावर म्हणायचो. ती रागवायची नाही. "भिणारा माणूस उशिरा मरतो," एवढंच म्हणायची.

एकदा मात्र तिच्या भिण्याने आम्हां सगळ्यांना वाचवलं. दुसऱ्या मजल्यावरचं बिऱ्हाड लग्नाला गावी गेलं होतं. मावशी भाजी घेऊन वर येताना त्यांच्या दाराशी थबकली आणि म्हणाली, गॅसचा वास येतोय. कोणालाच येत नव्हता. ती जिन्यात उभी राहिली ती राहिलीच. कोणाला बेल दाबू देईना, दिव्याचं बटण लावू देईना. शेजाऱ्यांकडे ठेवलेली चावी मागवून दार उघडलं तेव्हा वास भसकन बाहेर आला. शेगडीची रबरी नळी उंदराने कुरतडली होती. त्यानंतर तिला हसायचं तर आम्ही घरात जाऊन हसायचो. आणि मावशीला भीती वाटतेय म्हणजे काहीतरी असणार, हेही मनात कुठेतरी पक्कं झालं.

तिची थोरली बहीण, कुसुमआक्का, वेंगुर्ल्याच्या घरी एकटी असायची. यजमान जाऊन खूप वर्षं झालेली, मूलबाळ नाही. तिला पक्षाघाताचा झटका आला आणि मावशी तिला इथे घेऊन आली. आक्काची उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. समजायचं सगळं, मान हलवून हो-नाही सांगायची, डाव्या हाताने खुणा करायची. मावशीची पेन्शन दोघींना पुरेना, म्हणून ती घाटकोपरच्या एका धर्मादाय दवाखान्यात केस-पेपर काढायच्या कामाला लागली. पावणेदहाला निघायची, साडेपाचला परत. आक्काकडे बघायला आजाऱ्यांसाठी बायका पुरवणाऱ्या ब्युरोतून रेखा नावाची बाई यायला लागली. नऊ ते सहा. पार्कसाइटच्या डोंगरावर राहायची, पस्तिशीची, कमी बोलणारी.

आक्का आली त्या पहिल्याच महिन्यात मावशीच्या हातून ती पडली होती. संध्याकाळची वेळ. पलंगावरून शेजारच्या खुर्चीत बसवताना मावशीचा हात निसटला आणि आक्का जमिनीवर. लागलं फार नाही. पण मी आवाज ऐकून धावले तेव्हा आक्का शांत होती आणि मावशी तिच्याशेजारी बसून थरथर कापत होती. "माझ्या हातातून गेली गो. माझ्याच हातातून." हेच ती चार दिवस म्हणत होती. त्यानंतर ती आक्काला उठवायची तेव्हा दात आवळून उठवायची.

मग तीन-चार महिन्यांनी एका संध्याकाळी तिने माझी बेल वाजवली. मी दार उघडलं तर ती आत आली, दार स्वतःच लावलं आणि हळू आवाजात म्हणाली, "आक्काच्या दंडावर डाग आहेत."

मी जाऊन पाहिलं. उजव्या दंडावर, कोपराच्या वर, काळेनिळे चार ठिपके ओळीने आणि मागच्या बाजूला एक. बाजूला जुने डाग होते, पिवळे पडलेले. मला काही सांगायची गरज नव्हती. मी माझा हात नुसता वर धरला, तर माझी बोटं बरोबर त्या ठिपक्यांवर आली.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, म्हणून लवकर डाग पडतात म्हणाले. पण कोणीतरी जोरात धरतंय, हेही म्हणाले. मला विचारलं, घरात कोण असतं?"

"मग?"

"म्हटलं, मी आणि रेखा."

रेखाचं नाव आम्ही त्या दिवशी पुन्हा घेतलं नाही, पण तेच एक नाव दोघींच्या डोक्यात होतं. मावशी आक्काजवळ जाऊन बसली. "सांग गो आक्का, कोणी केल्यान ह्या? रेखान?" घाबरली की तिच्या तोंडी मालवणी यायची. आक्काने जोरात मान हलवली, नाही. मग डाव्या हाताने ब्लाउजची बाही ओढून तिने डाग झाकून टाकले. मावशीने माझ्याकडे बघितलं. "बघितलंस? बोलायला घाबरते."

त्या दिवसापासून मावशीचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. दवाखान्यात केस-पेपरवर ती नावं चुकायला लागली. काम सोडावं तर रेखाचे पैसे आणि औषधं कुठून आणायची, रेखाला काढावं तर उद्यापासून आक्काला कोणावर सोडायचं, आणि दुसरी बाई हिच्याहून वाईट निघाली तर? ते चार ठिपके ती घरी आली की रोज मोजायची. "ती बोलू शकत नाही म्हणून कोणीतरी तिला छळतंय," ती म्हणायची, "आणि मी दहा ते पाच लोकांचे खोकले लिहून घेतेय." मला त्या काळात ऑफिसात बसल्या बसल्यासुद्धा आक्काचा तो दंड दिसायचा.

कॅमेऱ्याची कल्पना माझी. आमच्या माळ्यावर जुना कॉम्प्युटर पडून होता, पोराच्या शाळेच्या काळातला. भंगारवाला घेईना आणि टाकवत नव्हता. एक वेबकॅमही होता. फुकट मिळणारा एक प्रोग्रॅम असतो, समोर काही हललं की आपोआप रेकॉर्ड करतो, तो मी घालून दिला. एवढंच माझं काम. बाकी सगळं मावशीने केलं, आणि ते बघण्यासारखं होतं.

तिने खात्यातली जुनी हत्यारं काढली. नाकावर चष्मा, तोंडात दोन क्लिपा, स्टुलावर उभी. वेबकॅमची वायर लांब पडेना म्हणून तिने जोड दिला, तर चित्र यायचंच बंद झालं. दोन दिवस डोकं खाजवून तिने शोधून काढलं की ही वायर पाच मीटरच्या पुढे नेली की दम तोडते. मग कॉम्प्युटरच पलंगाजवळच्या कपाटात आला, पाठीमागे हवेसाठी भोक पाडून. वायरी केसिंग पट्टीतून इतक्या सफाईने नेल्या की भिंत नव्याने रंगवल्यासारखी दिसत होती. पुढच्या आठवड्यात तिने आणखी एक कॅमेरा आणून दारावर लावला. कॅमेऱ्यांसमोरून ती स्वतः दहादा चालून गेली, वाकून, रांगत, पदर डोक्यावरून घेऊन, कुठे सुटायला जागा आहे का ते बघत. आक्का पलंगावरून हे सगळं बघत होती आणि डाव्या बाजूने हसत होती. त्या घरात मी तिला शेवटचं हसताना बघितलं ते बहुधा तेव्हाच.

"इंटरनेट जोडून देते, म्हणजे दवाखान्यात बसून मोबाइलवर दिसेल," मी म्हटलं.

"नको."

"अगं, सगळे तसंच करतात."

"लाइन बाहेर गेली की आतही येते. लोकांना वाटायचं दोघंच बोलतायत. मधे मी असायचे." ती स्टुलावरून उतरली. "आक्काला अंघोळीनंतर कपडे घालतात तिथे. बाहेरचा एकही डोळा नको मला."

म्हणून तो कॉम्प्युटर एकटाच राहिला, जगाशी काही संबंध नसलेला. आणखी एक गोष्ट तिने केली. डिस्क भरेल म्हणून तिने वेळ लावली, सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेपाच. आपण घरी असताना कशाला रेकॉर्डिंग, आपण असतोच की बघायला. मला ते अगदी बरोबर वाटलं. घरातली सगळी बटणं बंद करणाऱ्या मावशीने त्या एका प्लगवर चिकटपट्टी लावून 'हात लावू नये' असं लिहून ठेवलं.

रोज संध्याकाळी रेखा गेली की ती मला बोलवायची आणि आम्ही दोघी त्या दिवसाचं रेकॉर्डिंग बघायचो. आवाज नव्हता. पडद्यावर गाऊन घातलेली रेखा यायची, आक्काचे केस विंचरायची. जमिनीवर बसून डबा खायची. बिस्किटाचा पुडा फोडून अर्धं बिस्किट स्वतः, अर्धं आक्काच्या तोंडात. कधी मोबाइलवर बोलत खिडकीत उभी. पंधरा दिवस आम्ही दुसऱ्या बाईचं आयुष्य असं चोरून बघत होतो आणि आम्हांला काहीच सापडत नव्हतं. काही सापडत नाही याने बरं वाटायला हवं होतं. पण दर दोन-तीन दिवसांनी नवे डाग येत होते.

"कॅमेरा कुठपर्यंत दिसतो ते तिला कळलंय," मावशी म्हणाली.

"मग बाथरूममध्ये करत असेल," मी म्हणाले.

हे मी म्हणाले. मावशी नाही. ती पांढरी पडली. "तिथे नाही लावायचा मी. आक्काची लाज आहे." त्या संध्याकाळी ती उठून तीनदा बाथरूममध्ये जाऊन आली, कशासाठी ते तिलाही सांगता आलं नसतं. एकदा मला जिन्यात रेखाने गाठलं. "ताई, कपाटावरचा तो डोळा माझ्यासाठीच लावलाय ना?"

"नाही गं. चोराचिलटांची भीती असते ना मावशीला."

"चोर आक्कांच्या पलंगावर काय घ्यायला येणार?" एवढं बोलून ती खाली उतरून गेली. तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

एका शुक्रवारी मीटर रूममध्ये काम निघालं आणि सकाळी तासभर लाइट नव्हती. साडेनऊच्या सुमाराला आली. मावशीला निघायची घाई. तिने कॉम्प्युटर चालू केला, काळ्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं, खाली कुठलं तरी बटण दाबा असं होतं, ते तिने दाबलं आणि बस गाठायला पळाली. संध्याकाळी बघते तर त्या दिवसाचं रेकॉर्डिंगच नाही. एक सेकंदसुद्धा नाही.

ती माझ्याकडे आली तेव्हा तिचे ओठ सुकले होते. "तिने बंद केला. आज काहीतरी केलं असणार तिने." आक्काच्या दंडावर खरोखरच ताजे ठिपके होते, आदल्या दिवशीचे की त्या दिवशीचे हे सांगता येत नव्हतं. मावशीने आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलेलं ते तत्त्व, आधी लाइन तपासायचं, त्या दिवशी तिला आठवलं नाही. मलाही नाही. शनिवारी संध्याकाळी तिने रेखाला सांगितलं, सोमवारपासून येऊ नकोस. रेखाने कारण विचारलं नाही. गाऊन धुऊन वाळत घातला आणि गेली.

रविवारी सकाळी मी कॉम्प्युटर बघायला बसले. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ चुकीचं होतं. तारीख कुठल्या तरी जुन्या वर्षातली, जानेवारीतली. मग माझ्या लक्षात आलं. या मशिनच्या आत नाण्याएवढी बॅटरी असते, घड्याळ चालू ठेवणारी. ती कधीच मेली होती. लाइट गेली तेव्हा घड्याळ पुसलं गेलं आणि लाइट आली तेव्हा त्याने मध्यरात्रीपासून पुन्हा मोजायला सुरुवात केली.

"मावशी, रेखाने काही बंद नाही केलं. घड्याळ चुकलंय. रेकॉर्डिंग झालंय, फक्त भलत्या वेळेला."

"भलत्या म्हणजे?"

मी फाइल उघडली. खाली वेळ दिसत होती, सकाळचे दहा वाजून पाच मिनिटं. आणि पडद्यावर ट्यूबलाइट लागलेली होती, खिडकीबाहेर काळोख. सकाळचे दहा आणि बाहेर काळोख, हे बघून माझ्या अंगावर काटा आला. वेळ चुकीची आहे हे मीच आत्ता सांगितलं होतं, तरी आला.

आक्का पलंगावर बसलेली. एका बाजूने फुलाफुलांचा गाऊन घातलेली बाई आत आली, कॅमेऱ्याकडे पाठ करून. ती वाकली आणि तिने आक्काचा उजवा दंड धरला. नुसता धरला नाही, आवळला. बोटं आत रुतलेली दिसत होती. आक्काचं तोंड उघडलं, डोळे घट्ट मिटले. आवाज नसल्यामुळे ते जास्तच भयंकर वाटत होतं. त्या बाईने तिला तशीच दंडाला धरून उचललं आणि खुर्चीत बसवलं.

"हीच," मावशी माझा खांदा धरून म्हणाली. "हीच बघ. माझाच गाऊन घालून. मीच दिलेला तिला, दोन सारखे घेतले होते." तिची पकड इतकी जोरात होती की मला 'आई गं' म्हणावंसं वाटलं. मी म्हटलं नाही. कारण मला एव्हाना समजलं होतं, आणि मला ते पुढचे चार सेकंद यायला नको होते.

त्या बाईने आक्काच्या मांडीवर टॉवेल टाकला, कपाळावरून हात फिरवला आणि वळली. चष्मा, पांढरी बट, दात आवळलेले. सुलूमावशी.

माझ्या खांद्यावरची बोटं सैल झाली. मग तिने मला पुन्हा दाखव म्हणून सांगितलं. मी नको म्हटलं. तिने स्वतः माउस घेतला आणि पुन्हा बघितलं, मग तिसऱ्यांदा. गॅसचा नॉब बघावा तसं.

"ती पडू नये म्हणून धरायचे मी," ती म्हणाली. थोड्या वेळाने उठली आणि आक्कासमोर जाऊन उभी राहिली. "आक्का, मी?" आक्काने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. ती खिडकीकडे बघत राहिली.

त्याच दुपारी आम्ही पार्कसाइटला गेलो, आक्काजवळ माझ्या नवऱ्याला बसवून. अनोळखी गल्लीत पाय न टाकणारी मावशी त्या चढावर माझ्या पुढे चालत होती. रेखा दारात तांदूळ निवडत होती. आम्हांला बघून तिचे हात थांबले. तिच्या डोळ्यांत मला जे दिसलं ते मी ओळखलं, कारण महिनाभर मी ते मावशीच्या डोळ्यांत बघत होते. आता पोलीस येणार, असं तिला वाटलं असावं.

मावशीने प्रस्तावना केली नाही. "ते डाग माझ्या हाताचे आहेत. मी आज बघितलं."

रेखा उठून आत गेली आणि मोबाइल घेऊन आली. तिने तो मावशीच्या हातात दिला. त्यात आक्काच्या दंडाचे फोटो होते. रोजचा एक, सकाळी नऊ-सव्वानऊचा, ती आल्या आल्या काढलेला. दोन महिन्यांचे. रोज ती मावशीच्या घरात पाय ठेवायच्या आधीच ते डाग तिथे असायचे, याचा पुरावा ती गोळा करत होती.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"रोज सकाळी ताजे दिसायचे. रात्री घरात दुसरं कोण असतं?"

"मग सांगायचं नाहीस का गं?"

"सांगितलं असतं तर पटलं असतं तुम्हांला?" ती माझ्याकडे बघत होती, मावशीकडे नाही. "उलट मलाच काढलं असतं, ब्युरोत नाव खराब झालं असतं. मला भीती वाटायची, ताई. कधी पकडतील आणि कोण विचारेल मला. म्हणून फोटो काढून ठेवले."

मावशी दाराच्या उंबऱ्यावर बसली आणि एकेक फोटो बघायला लागली. सगळे बघून झाल्यावर तिने मोबाइल पदराने पुसला आणि परत दिला. "उद्या येशील?" असं तिने विचारलं ते इतकं हळू की रेखाला 'काय?' म्हणून दोनदा विचारावं लागलं. माफी हा शब्द तिला सापडला नाही. मला सापडला होता, पण मी तो उच्चारला नाही, आणि याची लाज मला आजही वाटते.

रेखा सोमवारी आली. पण मावशीने आता आक्काला हात लावायचंच सोडलं. सकाळ-संध्याकाळ मला हाक मारायची आणि मी उचलताना आपण लांब, हात पाठीमागे बांधून उभी राहायची. चोराची, गॅसची, लिफ्टची, सगळ्या भीती तिने सांभाळल्या होत्या, पण स्वतःच्या हातांची भीती तिला पेलवेना. रात्री आक्काला पाणी हवं असलं तर ती पेला टेबलावर ठेवून मागे सरकायची. आक्काने तिचा हात धरायला डावा हात पुढे केला की ही दूर व्हायची. आक्का तेव्हा रडायची. दंडावर डाग उरला नव्हता आणि ती रोज रडत होती.

शेवटी रेखानेच तिला धारेवर धरलं. "मावशी, हाताला धरायचंच नसतं. कमरेला धरतात." तिने एक जुनी ओढणी घडी करून आक्काच्या कमरेभोवती बांधली आणि दाखवलं, दोन्ही बाजूंनी ओढणीला धरायचं, वजन आपल्या मांड्यांवर घ्यायचं, ओढायचं नाही, माणूस स्वतः उठतो त्याच्या बरोबर उठायचं. मावशी ऐकायची, मान हलवायची आणि हात पाठीमागेच ठेवायची. हे कित्येक आठवडे चाललं. मी संध्याकाळी जायचे तेव्हा रेखा घड्याळात सहा वाजून गेलेले असूनही थांबलेली असायची, आक्काला काठीच्या आधाराने उभं करत.

मावशीला त्या उन्हाळ्यात छातीत दुखायला लागून हॉस्पिटलमध्ये नेलं, ती परत आली नाही. आक्का आता बोरिवलीला भाचीकडे असते. रेखाने तिकडे दोन दिवस जाऊन तिथल्या बाईला ओढणी बांधायला शिकवलं, असं मला भाचीने फोनवर सांगितलं.

मावशीला हॉस्पिटलमध्ये नेण्याआधी आठवडाभर, एका रविवारी, तिने मला हाक मारली. मला वाटलं आक्काला उचलायचंय. आत गेले तर आक्का पलंगाजवळ उभी होती. डावा हात काठीवर, उजवा पाय जरासा ओढलेला. रेखा सुट्टीचा दिवस असून आली होती आणि चार पावलांवर खिडकीशी, खुर्चीमागे उभी होती. मावशी आक्काच्या पाठीशी होती. तिचे दोन्ही हात आक्काच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना, वीतभर अंतरावर, बोटं पूर्ण पसरलेली. घामाने तिचा ब्लाउज भिजला होता. आक्काने एक पाऊल टाकलं, ते हात एक पाऊल पुढे आले. दुसऱ्या पावलाला आक्का झुकली. मावशीच्या घशातून एक आवाज निघाला, मी पुढे धावणार तोच रेखाने मला नजरेने थांबवलं. आक्का स्वतःच सावरली. तिसऱ्या पावलाच्या वेळी मी मावशीकडे बघितलं, तिने डोळे घट्ट मिटून घेतले होते. हात मात्र तसेच उघडे होते, आक्काला कुठेही न लागता.